शिडीने आणलेला दुष्काळ: माझी पोस्टडॉकची अडीच वर्षं

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीच्या, इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलं होतं, दोन वर्षांत काय दाखवशील? मी छातीठोकपणे सांगितलं, गेल्या २५ वर्षांत हे जंगल कसं बदललं ते, आणि मधल्या दुष्काळाने त्याचं काय केलं ते. पॅनेलवरचे एक वयस्कर सर नुसते हसले. मला तेव्हा वाटलं उत्तर आवडलं त्यांना.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना अजूनही वाटतं की मी झाडं लावते. तर जंगलाचा एक तुकडा आखून घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबरचा टॅग ठोकायचा, जात ओळखायची, जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाची जाडी मोजायची, नकाशावर जागा मांडायची आणि निघून यायचं. पाच वर्षांनी परत जायचं आणि तेच सगळं पुन्हा. कोण मेलं, कोण नवीन आलं, कोण किती वाढलं. आम्ही त्याला सेन्ससच म्हणतो. जनगणनेपेक्षा हे सोपं असणार असं मला वाटायचं, कारण झाडं कुठे गावाला जात नाहीत, गेलं की घरीच सापडतात.

यातला सगळ्यात प्रसिद्ध प्लॉट पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर आहे, ५० हेक्टरचा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आखलेला, आणि तिथे पेन्सिलीहून जरा जाड म्हणजे १ सेंटीमीटरच्या रोपट्यापासून सगळं मोजतात, दोन लाखांच्या वर खोडं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईला १९८८ मध्ये तसाच ५० हेक्टरचा प्लॉट सुरू झाला, तिथे वणवे आणि हत्ती दोघेही आपापल्या परीने सेन्सस घेत असतात. पण मला मनापासून आवडतं ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचं उदाहरण. तिथे १८८२ मध्ये गव्हाच्या शेताचा एक तुकडा कापणी न करता तसाच सोडून दिला, आणि आज तिथे जंगल आहे. कुणी काही हुशारी केली नाही, फक्त हात लावला नाही आणि नोंदी ठेवत राहिले. (मला अशी नोकरी द्या कुणीतरी.)

आमचा प्लॉट यांच्यापेक्षा बराच लहान, पण पाच सेन्सस झालेले होते आणि सहावा माझ्या काळात होणार होता. आता साधं गणित बघा. उष्ण प्रदेशातल्या जंगलात वर्षाला साधारण १ ते २ टक्के झाडं मरतात. दीड टक्का धरला तर हजार झाडांतली निम्मी मरायला ४६ वर्षं लागतात, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट होतं दोन वर्षांचं. म्हणजे मी रुजू झाल्यापासून माझं ओळखपत्र परत घेईपर्यंत हजारातली तीसेक झाडं मरणार, आणि त्यावरून मी जंगलाचं भविष्य सांगायचं. त्यामुळे या क्षेत्रात पोस्टडॉक म्हणजे दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांवर जगणं, हे मला पहिल्याच महिन्यात कळायला हवं होतं. कळलं आठव्या महिन्यात.

पहिले सहा महिने मी जंगल बघितलंच नाही. एक्सेल बघितली. आणि सुरुवातीलाच एक भारी गंमत सापडली, दुसऱ्या आणि तिसऱ्या सेन्ससच्या मध्ये एका ओळीतली सगळी झाडं तिप्पट जाड झालेली. मी दोन दिवस माती, पाणी, उजेड असली कारणं शोधत बसले. मग भागाकार करून बघितला तर ३.१४ च्या आसपास, प्रत्येक झाडाला. आमच्या टेपवर आकडे π ने (३.१४ ने) भागूनच छापलेले असतात, म्हणजे टेप घेरावर गुंडाळायचा आणि वाचायचा थेट व्यास. त्या दिवशी कुणीतरी साधा टेप घेऊन गेलं होतं, शिंप्याकडे असतो तसला. एवढंच. ही चूक प्रामाणिक असते, समोर येऊन उभी राहते, पकडता येते. बाकीच्या चुका एवढ्या सज्जन नव्हत्या.

उदाहरणार्थ टॅग. खिळा पूर्ण आत ठोकला तर झाड वाढतं तसं साल टॅगवरून चढते आणि काही वर्षांनी झाड तो टॅग चक्क गिळून टाकतं. म्हणून खिळा अर्धा बाहेर ठेवतात आणि मोजायच्या रेषेपासून लांब ठोकतात, नाहीतर तिथेच खोड सुजतं आणि तुम्ही झाडाची वाढ म्हणून स्वतःच्या खिळ्याची सूज मोजत बसता. आता समजा टॅग सापडला नाही. नवीन माणूस काय लिहितो? जुना नंबर, मृत. आणि समोर बिनटॅगचं झाड उभं आहे म्हणून त्याला नवीन नंबर देतो, नवीन भरती. एकच झाड, कागदावर एक मरण आणि एक जन्म. अशी शंभर झाडं झाली की तुमच्या जंगलात भयंकर उलथापालथ चालू आहे असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात जंगल शांतपणे उभं असतं. मला असे बरेच पुनर्जन्म सापडले, कारण जात तीच, नकाशावरची जागा हातभर इकडेतिकडे, आणि 'नवीन' रोपट्याची जाडी ३० सेंटीमीटर! पाच वर्षांत कुठलं झाड ३० सेंटीमीटरचं होतं हो. उलटही होतं, मेलेलं म्हणून लिहिलेलं झाड पुढच्या सेन्ससला बुंध्यातून फुटून हिरवंगार उभं असतं. त्यांना आमच्याकडे झोम्बी म्हणतात.

मग उणे वाढ. झाड बारीक कसं होईल असं वाटतं, पण होतं. कोरड्या दिवसांत खोडातलं पाणी कमी झालं की खोड खरंच किंचित आकसतं, सालीचे पापुद्रे गळतात, आणि माणसाची चूक तर असतेच. मी पहिल्या झटक्यात सगळ्या उणे नोंदी फिल्टर करून उडवल्या, आलेख एकदम सुंदर दिसायला लागला, मी बॉसला पाठवला सुद्धा. बॉसचं एका ओळीचं उत्तर आलं, 'आणि जास्त वाचलेल्यांचं काय केलंस?' डोक्यात प्रकाश पडायला रात्र जावी लागली. टेप जसा २ मिलिमीटर कमी वाचला जातो तसाच २ मिलिमीटर जास्तही वाचला जातो ना. कमीवाले मी फेकले, जास्तवाले ठेवले, म्हणजे जंगलाची वाढ मीच घरबसल्या वाढवून ठेवली. तो आलेख अजून माझ्या लॅपटॉपवर आहे, नाव 'फायनल'.

जरा धीर यावा म्हणून मी पनामाच्या डेटाची माहितीपत्रकं वाचायला घेतली आणि खरंच धीर आला. तिथेही पहिल्या दोन सेन्ससमध्ये साडेपाच सेंटीमीटरपेक्षा बारीक रोपटी ५-५ मिलिमीटरच्या टप्प्यात मोजली होती आणि नंतर एकेका मिलिमीटरपर्यंत मोजायला लागले, त्यामुळे आकडे थेट वजा करून चालत नाही. पण त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. आमच्याकडे काय लिहून ठेवलं होतं ते पुढे येईलच.

या सगळ्यात माझा मुख्य निकाल मात्र झकास दिसत होता. पहिले तीन सेन्सस मोठी झाडं जोमात वाढतायत, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये दुष्काळ, आणि चौथ्या सेन्ससला मोठ्या झाडांचं बायोमास, म्हणजे जाडीवरून काढलेलं त्यांचं कोरडं वजन, धाडकन खाली. इंटरव्ह्यूत जे बोलले तेच डेटा बोलत होता. कॉन्फरन्सला पोस्टर लावलं, लोक थांबून बघत होते, एकाने फोटोही काढला. मोठ्या झाडांचं महत्त्व किती ते सांगते, जगभरातल्या ४८ मोठ्या प्लॉटचा एक एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये आला होता, त्यात सगळ्यात जाड १ टक्का झाडांमध्येच जमिनीवरचं जवळजवळ निम्मं बायोमास निघालं. म्हणजे ती मूठभर झाडं हलली की अख्खा निकाल हलतो.

आणि नेमकी तीच झाडं मोजायला सगळ्यात अवघड. त्यांना बुंध्याशी आधारमुळं असतात, भिंतीसारखी पसरलेली, कधी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. १.३ मीटरवर टेप गुंडाळला तर तुम्ही खोड मोजत नाही, त्या भिंती आणि मधली हवा मोजता. बरं या भिंती खोडापेक्षा भराभर वाढतात, त्यामुळे तिथे मोजत राहिलात तर झाड धावत सुटलंय असं दिसतं. नियम असा की आधारमुळांच्या वर, जिथे खोड गोल होतं तिथे, शिडी लावून मोजायचं आणि ती रेषा रंगवून ठेवायची. त्यात जाडीतली चूक बायोमासमध्ये फुगून येते, साधारण जाडीच्या अडीचाव्या घाताच्या हिशोबात, म्हणजे जाडी १० टक्के जास्त धरली तर बायोमास २५ टक्क्यांच्या वर जास्त येतं. यावरून मोठी भांडणं झालेली आहेत. १९९८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या प्लॉटवरून एक पेपर आला की ही जुनी जंगलं कार्बन शोषून वाढतायत, २००२ मध्ये त्यावर आक्षेप आला की यातली काही वाढ म्हणजे तुमचे आधारमुळांवर गुंडाळलेले टेप आहेत, आणि पहिल्या गटाने संशयास्पद प्लॉट बाजूला काढून पुन्हा हिशोब करून उत्तर दिलं. पुढे २०१५ मध्ये अमेझॉनमधल्या ३२१ प्लॉटवरून आलेला निकाल असा की वाढ होतेय खरी पण तिचा वेग १९९० च्या दशकाच्या तुलनेत एक तृतीयांशाने घटलाय, मुख्यतः झाडं जास्त मरतायत म्हणून. हे सगळं मी वाचलेलं होतं. पीएचडीच्या प्रबंधात यावर अख्खं एक पान लिहिलेलं होतं! तरी स्वतःच्या आलेखावर शंका घ्यावी असं काही वाटलं नाही. छान दिसत होता ना.

मग सहावा सेन्सस सुरू झाला. पाच महिने. त्याबद्दल फार लिहीत नाही, गोचिड्या, जळवा, ओले बूट, सगळ्यांना माहीत आहे. टीममधले सगळ्यात जुने होते मामा, पहिल्या सेन्ससपासूनचे, तेव्हा विशीत होते म्हणे. साल नखाने खरवडून वास घेऊन जात सांगायचे आणि मी पानं गोळा करून प्रेस करून तीन आठवड्यांनी त्याच नावावर यायचे.

आमचं एक मोठं झाड होतं, नंबर राहू द्या, सगळे त्याला थोरला म्हणायचे. माझ्या पोस्टरवरच्या त्या पडझडीतला सगळ्यात मोठा वाटा त्याचा होता, चौथ्या सेन्ससला हे एकटं झाड जवळजवळ एक तृतीयांश बारीक झालेलं. मी शिडीवर, मामा खाली. टेप फिरवायला जागा नाही, वेलींच्या खालून टेप सरकवायचा, पलीकडच्या मुलाने तो पकडून परत द्यायचा, मुंग्या मनगटावर. जुनी रंगाची रेषा शोधायला मी शेवाळ खरवडत होते. सापडली, लाल, पुसट. आनंदाने ओरडले. आणि खाली उतरताना बघते तर साधारण दीड हात खाली अजून एक रेषा. तीही लाल.

"मामा, ह्या दोन कशा?"

"खालची आमची. वरची नंतरच्या पोरांची." त्यांनी मान वर करून बघितलंही नाही, ते काठी तासत होते. "त्यांना मोठी शिडी मिळाली ना. आम्हाला कुठली शिडी, आम्ही पोराच्या खांद्यावर पोरगं उभं करायचो. हात पोचेल तिथं माप."

"मोठी शिडी कधी आली?"

"पाऊस नव्हता बघा ताई दोन वर्षं, त्याच्यानंतर."

मी शिडीवर तशीच उभी. पाऊस नव्हता त्याच्यानंतर. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या सेन्ससच्या मध्ये. म्हणजे तीन सेन्सस आधारमुळांच्या फुगवट्यावरच माप घेतलेलं, म्हणून झाडं जोमात, आणि चौथ्याला माप एकदम वर सरकलं, म्हणून झाडं बारीक. दुष्काळ झाला होता हे खरं, पण माझ्या आलेखातला दुष्काळ शिडीने आणला होता.

ऑफिसला परत गेल्यावर जुन्या फायली उपसल्या. डेटाच्या फायलीत माप कुठल्या उंचीवर घेतलं याचा रकानाच नाही, सेन्ससच्या वह्यांतही नाही. खरेदीच्या फायलीत मात्र ॲल्युमिनियमच्या शिडीचं बिल व्यवस्थित लावलेलं, चौथ्या सेन्ससच्या दोन महिने आधीच्या तारखेचं. शास्त्र जिथे नोंद ठेवायला विसरतं तिथे अकाउंट्सवाले विसरत नाहीत, त्यांच्याबद्दल मी आता वाकडं बोलत नाही.

पुढचं काम कंटाळवाणं पण तेच खरं काम होतं. आधारमुळं असलेल्या प्रत्येक झाडाला, जिथे दोन रेषा सापडतील तिथे, दोन्ही ठिकाणी मोजायचं. मग खालच्या आणि वरच्या मापाचं गुणोत्तर काढून जुने आकडे वरच्या उंचीला आणायचे. जिथे खालची रेषा पुसली गेली होती तिथे मामा आणि त्यांच्या वयाचे दोघे सांगतील ते, आणि मग मॉडेल. मामांची आठवण डेटा म्हणून वापरायची का यावर लॅबमध्ये जोरदार वाद झाला. एक जण म्हणाला, माणसाची आठवण म्हणजे काय पुरावा. म्हणून आम्ही तपासलं, ज्या झाडांवर दोन्ही रेषा शिल्लक होत्या त्यांच्याबद्दल मामांना आधी विचारलं, मग शेवाळ खरवडलं. थोडेच अपवाद सोडता बरोबर निघाले. तेवढा पुरावा माझ्या एक्सेलचाही नव्हता.

अजून एक वाद असा की फील्डवर जाताना जुने आकडे सोबत न्यायचे की नाही. नेले तर ३.१४ वाली चूक तिथल्या तिथे पकडता येते. पण नेले की मोजणाऱ्याचा हात आपोआप जुन्या आकड्याच्या जरा पुढे जाऊन थांबतो, झाड वाढलेलं असायला हवं ना. मी स्वतःला हे करताना पकडलंय, टेप जरा सैल सोडला आणि 'हां, आता बरोबर' असं पुटपुटले. शेवटी आम्ही आकडे नेले, पण प्लॉटमधले काही आखलेले चौकोन दुसऱ्या जोडीकडून जुना आकडा न दाखवता परत मोजून घेतले, म्हणजे चूक किती होते ते तरी कळतं. माझी स्वतःची चूक मामांपेक्षा जास्त निघाली. असो.

दुरुस्त डेटावर मॉडेल पुन्हा चालवलं आणि तो सुंदर खड्डा बुजला. पूर्ण नाही. दुष्काळानंतरच्या सेन्ससमध्ये मोठ्या झाडांचं मरण थोडं जास्त होतंच, आणि मेलेलं झाड मेलेलं असतं, त्याला शिडी लागत नाही. पनामालाही १९८२-८३ च्या एल निनोच्या दुष्काळात असंच झालं होतं, मोठी झाडं जास्त मेली आणि ओल आवडणाऱ्या जाती मागे पडत गेल्या. आमच्याकडेही ओढ्याकाठच्या दोन-तीन जातींची नवी रोपटी प्रत्येक सेन्ससला कमी होत गेलेली दिसली. हे हळू आहे, आलेखात तिरकी रेघ दिसते न दिसते अशी, पोस्टरसमोर कुणी थांबणार नाही. पण ते टेपचं नाही, जंगलाचं आहे, एवढं मी आता म्हणू शकते.

पेपर लिहिला. पहिल्या जर्नलने रिव्ह्यूला न पाठवताच परत केला, निष्कर्ष पुरेसा ठळक नाही म्हणून. माझ्या जुन्या पोस्टरचा निष्कर्ष किती ठळक होता ते त्यांना कळवायची फार इच्छा झाली. दुसरीकडे दोन रिव्ह्यूअर मिळाले, एक म्हणाला दुरुस्ती फार जास्त केली, दुसरा म्हणाला पुरेशी केली नाही. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, सहा महिने वाढवून मिळाले, त्यातले चार नवीन नोकरीचे अर्ज करण्यात गेले. मामांचं नाव लेखकांच्या यादीत घातलं, त्यावर फारसा वाद झाला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. मामांना प्रिंट नेऊन दिली तर त्यांनी नकाशा उलटा धरला, मग सरळ केला आणि बोट ठेवून म्हणाले, ओढा इथं नाही, जरा अलीकडं आहे. आहे खरंच अलीकडे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केला.

निघायच्या आधीचे तीन आठवडे मी फक्त नोंदी लिहिल्या. प्रत्येक मोठ्या झाडासाठी माप कुठल्या उंचीवर, शिडी किती मीटरची, रेषा कुठल्या दिशेला, वेल आहे का. रंग पिवळा घेतला, म्हणजे जुन्या लाल रेषांशी गोंधळ नको. फार अभिमान वाटत होता.

मागच्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या मुलीचा मेल आला. काही चौकोन तपासायला म्हणून ती मधल्या काळात गेली होती. एका झाडाचा नंबर दिला होता आणि विचारलं होतं, तुमच्या सेन्ससला हे झाड आधीपेक्षा ३ सेंटीमीटर बारीक दाखवलंय आणि आता मी मोजलं तर परत जाड आहे, तिथे नेमकं काय झालं होतं? मी माझी फील्डची वही काढली. त्या दिवसाच्या पानावर त्या झाडासमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'पाऊस. टेप नीट वाचता आला नाही. उद्या परत बघणे.' पुढचं पान उलटलं तर तिथे दुसराच चौकोन सुरू.